तीन होळ्या आणि एक आइस्क्रीमची गाडी

१९९२ साली मी नाशिकला कॉलेजात होतो आणि संध्याकाळी सहा ते दहा एका कॅसेटच्या दुकानात बसत होतो. दुकानाबाहेर पाटी होती, 'आपल्या आवडीची गाणी भरून मिळतील'. गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी लिहून आणायचं, सोबत नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट द्यायचं. आम्ही दोन डेक एकमेकांना जोडून ती यादी कॅसेटवर उतरवायचो. लताबाई, किशोरकुमार, मध्येच एखादं भावगीत, शेवटी जागा उरली तर शहनाई. या सगळ्याला कुणाची तरी परवानगी लागते, हा विचार मला शिवला नव्हता. मालकांना शिवला असेल, पण ते बोलले नाहीत.

त्याच सुमारास आमच्या गल्लीतल्या केबलवाल्यानं गच्चीवर छत्री बसवली आणि एमटीव्ही घरात आलं. एका रात्री त्यावर एक विलक्षण गाणं लागलं. भरजरी झग्यातली एक पोक्त बाई अमेरिकी खेड्यातल्या हेलात गात होती, मागे ढोलांचा ठेका आणि समूहाचा घोष चालला होता, आणि एवढ्या थाटामाटात ती सांगत होती ती गोष्ट आइस्क्रीमच्या गाडीची. दुसऱ्या दिवशी दोघाजणांनी दुकानात येऊन 'ते आइस्क्रीमवालं' मागितलं. मालकांनी टीव्हीला तार जोडून ठेवली, तीन रात्री वाट पाहिली आणि गाणं पकडलं. सुरुवातीला निवेदकाचं अर्धं वाक्य त्यात आलं, ते काही काढता आलं नाही. त्या एका कॅसेटवरून आम्ही किती प्रती काढल्या असतील, मोजदाद नाही.

ते गाणं 'जस्टिफाइड अँड एन्शन्ट', गाणारी बाई टॅमी वायनेट, आणि ते करणारे दोघं म्हणजे केएलएफ. बिल ड्रमंड आणि जिमी कॉटी. केएलएफ म्हणजे काय याची उत्तरं ते वेगवेगळी देत, पण सर्वांत प्रचलित उत्तर 'कॉपीराइट मुक्ती आघाडी' असं होतं. मला हे कळायला बरीच वर्षं गेली. कळलं तेव्हा हसू आलं, आणि दुकानाचं पुढे जे झालं ते आठवून हसू थांबलंही. त्याविषयी नंतर.

इंग्लंडातल्या नाचगाण्याच्या इतिहासात ही जोडी 'विक्षिप्त' या खणात टाकून मोकळं होण्याची पद्धत आहे. त्यांनी दहा लाख पौंड जाळले ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, गाणी फारशी कुणाला आठवत नाहीत. मला हा क्रम उलटा वाटतो. त्यांच्या आयुष्यात तीन होळ्या आहेत. पहिली दुसऱ्यांनी पेटवायला लावली, दुसरी त्यांनी हौसेनं पेटवली, तिसरी का पेटवली ते त्यांनाही नीट सांगता आलेलं नाही. या तिन्हींच्या मध्ये, १९८७ ते १९९२ या पाच वर्षांत, गाणं कुणाचं असतं आणि ते लोकप्रिय कसं होतं या दोन प्रश्नांवर त्यांनी इतकं उघड्यावर काम केलं की तसं करणारे फार थोडे सापडतील.

ड्रमंडचा जन्म १९५३ चा, दक्षिण आफ्रिकेतला. वडील स्कॉटलंडच्या चर्चचे पाद्री, त्यामुळे बालपण स्कॉटलंडच्या एका लहान गावात गेलं. पुढे तो लिव्हरपूलला आला. तिथे १९७६ साली केन कॅम्पबेल या अवलिया नाट्यकर्मीनं 'इल्युमिनेटस!' या कादंबरीत्रयीवर तासन् तास चालणारं पाच भागांचं नाटक बसवलं. त्याचं नेपथ्य तेवीस वर्षांच्या ड्रमंडनं केलं. ही कादंबरी रॉबर्ट शे आणि रॉबर्ट अँटन विल्सन या अमेरिकी लेखकांची. गुप्त मंडळं, कटकारस्थानं, आणि त्या कटवाल्यांत अनागोंदी माजवणारा एक प्राचीन पंथ असा तिचा मसाला. तेवीस हा आकडा त्यात जागोजागी भेटतो. पुढे ड्रमंड आणि कॉटी यांनी पहिलं नाव घेतलं ते या पंथाचंच, 'द जस्टिफाइड एन्शन्ट्स ऑफ मू मू', लोकांच्या तोंडी 'द जॅम्स'. आइस्क्रीमच्या गाडीत बसलेले 'न्याय्य आणि प्राचीन' ते हेच.

ड्रमंड हा धंद्याच्या आतला माणूस होता हे विसरू नये. त्यानं स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली होती, 'एको अँड द बनीमेन' आणि 'द टिअरड्रॉप एक्स्प्लोड्स' या चमूंचं व्यवस्थापन केलं होतं, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्याला तो एका मोठ्या कंपनीत नवे कलाकार हेरण्याचं काम करत होता. तिथे त्यानं करारबद्ध केलेल्या 'ब्रिलियंट' या चमूत कॉटी गिटार वाजवत होता. कंपनीचा पैसा खूप गेला, चमू चालला नाही. कॉटी मुळात चित्रकार. वयाच्या सतराव्या वर्षी त्यानं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं एक पोस्टर काढलं होतं, ते ब्रिटनमध्ये घरोघरच्या भिंतींवर लागलं होतं. १९८६ साली ड्रमंडनं नोकरी सोडली. राजीनाम्यात त्यानं आपल्या तेहतीस-साडेतेहतीस वर्षांच्या वयाचा संबंध एलपी तबकडीच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांशी जोडला होता. १९८७ च्या पहिल्या दिवशी त्याच्या डोक्यात आलं की हिपहॉपची रेकॉर्ड करावी. त्याला यंत्रं चालवता येत नव्हती. त्यानं कॉटीला फोन केला.

ही यंत्रं कोणती, ते थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मुख्य यंत्र सॅम्पलर. कुठल्याही ध्वनीचा तुकडा, मग तो ड्रमचा एक ठोका असो, कुणाच्या गाण्यातली अर्धी ओळ असो किंवा मेंढीचं ओरडणं असो, सॅम्पलर तो आकड्यांत बदलून साठवतो आणि कळ दाबली की हव्या त्या पट्टीत परत वाजवतो. त्या काळी साठवणूक जेमतेम काही सेकंदांची असे. त्यामुळे कलाकाराला सगळं गाणं उचलता येत नसे, नेमका कोणता घास घ्यायचा ते ठरवावं लागे. यांच्याकडे 'ग्रीनगेट' नावाचा स्वस्तातला सॅम्पलर होता, तो 'अ‍ॅपल-२' या घरगुती संगणकाला जोडायचा. दुसरं यंत्र रोलंड कंपनीचं टीआर-८०८, म्हणजे विजेवरचा तबलजी. (याच ८०८ वर, सोबत रोलंडचंच बेसचं यंत्र घेऊन, मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा रागांची एक रेकॉर्ड केली होती, 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. एचएमव्हीनं ती काढली, कुणी लक्ष दिलं नाही. २०१० साली ती युरोपातून पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे थक्क झाले. असल्या नाचसंगीताचा उगम शिकागोत झाला असं तोवर सगळे धरून चालले होते. सिंग यांनी उतारवयात युरोपचे दौरे केले. २०१५ साली ते गेले. त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.)

तर १९८७ च्या जूनमध्ये द जॅम्सचा पहिला अल्बम निघाला. त्यात बीटल्सपासून सगळ्यांचे तुकडे होते, आणि एका गाण्यात तर स्वीडनच्या 'अ‍ॅबा' या चमूच्या 'डान्सिंग क्वीन'चे लचकेच्या लचके, न विचारता. अ‍ॅबाच्या बाजूनं तक्रार झाली. ध्वनिमुद्रणाच्या हक्कांचं काम पाहणाऱ्या संस्थेनं आदेश दिला की उरलेल्या सगळ्या प्रती मागे घ्या आणि नष्ट करा.

इथे बहुतेकांनी वकील गाठला असता. या दोघांनी उरलेल्या प्रती गाडीत घातल्या, 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'चा बातमीदार बरोबर घेतला आणि अ‍ॅबाशी समोरासमोर बोलायला स्टॉकहोम गाठलं. पोहोचले तेव्हा रात्र झालेली, कचेरी बंद. त्यांनी बरोबर एक खोटी सुवर्णतबकडी नेली होती, शून्यापेक्षा जास्त प्रती खपल्याबद्दल. ती रस्त्यावर उभ्या असलेल्या एका बाईला बहाल केली. परतताना एका शेतात त्यांनी अल्बमच्या प्रतींची होळी केली. शेतकऱ्यानं बंदूक झाडली म्हणून पळ काढावा लागला. उरलेल्या प्रती बोटीवरून उत्तर समुद्रात गेल्या. ही पहिली होळी.

गोष्ट एवढ्यावर संपली असती तर वात्रटपणा म्हणून सोडून देता आली असती. पण त्याच वर्षी त्यांनी अल्बमची नवी आवृत्ती काढली. तिच्यातून दुसऱ्यांचे सगळे तुकडे कापलेले होते आणि त्या जागी शांतता ठेवली होती. वेष्टनावर सूचना होत्या: अमुक जुनी रेकॉर्ड घ्या, तमुक ठिकाणी लावा, म्हणजे मूळ अल्बम घरच्या घरी तयार होईल. हे वाचताना मला आपल्या संगीत नाटकांची जुनी पुस्तकं आठवली. किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'पासून पाहा, पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल' लिहिलेली असते, म्हणजे हे पद कोणत्या माहीत असलेल्या गाण्याच्या चालीवर म्हणायचं ते. साकी, दिंडी, लावणी, कानडी पद, सगळीकडून चाली आल्या आणि कुठून आल्या ते छापलंही. नाटककाराला त्यात कमीपणा वाटला नाही, प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटलं नाही. ध्वनिमुद्रणानं यात एक फरक पाडला. चाल ही हवेतली गोष्ट, पण तबकडीवरचा आवाज ही वस्तू झाली, आणि वस्तू म्हटली की मालक आला. द जॅम्सच्या त्या वेष्टनावरच्या सूचना म्हणजे पदावरची 'चाल'च होती, फक्त पद गाळून छापलेली.

पुढचा धडा त्यांना अपघातानं मिळाला. १९८८ साली त्यांनी 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या मालिकेची धून घेऊन नाचाचं गाणं करायला घेतलं. ही धून रॉन ग्रेनरची, आणि तिला १९६३ साली विजेच्या उपकरणांतून आकार दिला तो डेलिया डर्बिशर हिनं. योजना होती ती हाउस संगीताच्या चौपदरी ठेक्यावर धून बसवण्याची. ती बसेना. कारण सोपं आहे. ही धून प्रत्येक मात्रेचे तीन भाग करत झुलत जाते, हाउसचा ठेका मात्रेचे सरळ दोन आणि चार भाग करतो. दादऱ्यातली चीज केरव्यावर ओढून बसवू पाहिली तर जे होईल तेच झालं. मग त्यांनी तोच झुलता ठेका असलेलं सत्तरच्या दशकातलं गॅरी ग्लिटरचं गाणं खाली घातलं, त्यात 'स्वीट' या चमूचा एक तुकडा टाकला, आणि धून पट्कन बसली. (ग्लिटरला पुढे लैंगिक गुन्ह्यांसाठी शिक्षा झाली, त्यामुळे हे गाणं आज वाजवणं अवघड होऊन बसलं आहे.) आपण हास्यास्पद गाणं केलं आहे हे दोघांना कळत होतं. मग हास्यास्पदच करू म्हणून त्यांनी नाव घेतलं 'द टाइमलॉर्ड्स' आणि जाहीर केलं की हे गाणं आमच्या जुन्या अमेरिकी फोर्ड मोटारीनं केलं आहे. मुलाखतीला मोटार पुढे. समीक्षकांनी नाकं मुरडली, आणि जूनमध्ये गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

पहिल्या क्रमांकाचं तिथे काय महत्त्व होतं ते आज समजावून सांगावं लागतं. सिंगल म्हणजे एक मुख्य गाणं असलेली लहान तबकडी. तिच्या आठवडाभराच्या खपावरून क्रमवारी लागे आणि रविवारी संध्याकाळी रेडिओवर वाचली जाई. आपल्याकडे बिनाका गीतमालेच्या बुधवारी जे होई तेच, फक्त तिथे या क्रमवारीवर अख्ख्या धंद्याचं गणित चाले.

पहिला नंबर मिळाल्यावर ड्रमंड आणि कॉटी यांनी जे केलं ते मला त्यांच्या सगळ्या उद्योगांत मोलाचं वाटतं. त्यांनी एक पुस्तक लिहिलं, 'द मॅन्युअल', म्हणजे सोप्या मार्गानं पहिला नंबर मिळवण्याची पुस्तिका. चक्क गाइड. सुरुवातीलाच अट: तुमच्याकडे पैसा नको आणि नोकरीही नको, कारण नोकरदाराला वेळ नसतो. वाद्य वाजवता यायची गरज नाही. गाणं साडेतीन मिनिटांपेक्षा मोठं नको. आधी ठेका शोधा, तो कुठल्या तरी चालू रेकॉर्डमध्ये सापडेलच. मग असं ध्रुवपद, जे पोस्टमनही गुणगुणेल. सोमवारी कुणाला फोन करायचा, स्टुडिओ उधारीवर कसा मिळवायचा, रेडिओवाल्यांकडे गाणं पोहोचवणारा माणूस का लागतो, बँकेच्या व्यवस्थापकासमोर कसं बोलायचं, हे सगळं क्रमानं दिलं आहे. वर हमी: सूचना तंतोतंत पाळूनही तीन महिन्यांत पहिला नंबर आला नाही तर पुस्तकाचे पैसे परत.

विनोद म्हणून हे पुस्तक वाचता येतं, आणि बहुतेकांनी तसंच वाचलं. पण व्हिएन्नातल्या 'एडेलवाइस' नावाच्या मंडळींनी ते गंभीरपणे घेतलं. आल्प्सच्या डोंगरातलं योडेल गाणं, खाली नाचाचा ठेका, आणि ध्रुवपदाला अ‍ॅबाच्या 'एस.ओ.एस.'ची चाल (या वेळी परवानगी काढून). 'ब्रिंग मी एडेलवाइस' ऑस्ट्रियासह काही देशांत पहिल्या नंबरवर गेलं आणि ब्रिटनमध्ये पाचव्या. पुस्तकातली पद्धत खरी होती याचा याहून मोठा पुरावा कोणता? स्वयंपाकी आपली पाककृती देतो तेव्हा एखादा मसाला हटकून गाळतो असं म्हणतात. यांनी काही गाळलं नव्हतं. यशाच्या मागे प्रतिभेचं गूढ असतं या समजुतीवर जो धंदा चालतो, त्यात एवढं मोकळं बोलणं हाच खरा वात्रटपणा होता.

यानंतर ते केएलएफ झाले, आणि इथे गंमत अशी की पुस्तकातली पद्धत त्यांनी स्वतः लगेच वापरली नाही. १९८८ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये अ‍ॅसिड हाउसचं वेड पसरलं होतं. गोदामांत आणि शेतांत रात्रभर हजारो तरुण नाचत. हाउसचा ठेका ज्यांनी कान देऊन ऐकला नसेल त्यांना तो कंटाळवाणा वाटतो, मलाही वाटायचा. मिनिटाला साधारण सव्वाशे ठोके, प्रत्येक मात्रेवर खोल ढोल, दोन ठोक्यांच्या मध्ये झांजेची चिमटी. सम नाही, खाली नाही, सगळ्या मात्रा सारख्या. ऐकायचं असतं ते दुसरंच: दर आठ किंवा सोळा आवर्तनांनी काय आत येतं आणि काय बाहेर जातं. झांज नाहीशी होते, ढोल थांबतो, एकच सूर टांगलेला राहतो, आणि ढोल परत पडतो तेव्हा सगळं मैदान उसळतं. भजनात द्रुत लयीला टाळ क्षणभर थांबून पुन्हा सुरू होतात तेव्हा अंगातून जे जातं, त्याच्या जवळचं काहीतरी.

या नाचघरांसाठी केएलएफनं 'व्हॉट टाइम इज लव्ह?' आणि 'थ्री ए.एम. इटर्नल' या रचना केल्या, जवळजवळ शब्दांशिवाय. लंडनमधल्या स्टॉकवेल भागात कॉटी राहत होता त्या घराच्या तळघरात हे काम चाले. त्याला त्यांनी 'ट्रान्ससेंट्रल' असं भारदस्त नाव दिलं होतं. 'व्हॉट टाइम इज लव्ह?'ची युरोपभर नक्कल झाली. आता पाळी यांची होती, आपली चाल चोरली म्हणून दावा लावायची. त्यांनी त्या नकला गोळा केल्या आणि मूळ रचनेसह त्यांचाच एक अल्बम काढला. १९८९ मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या एका रात्रीच्या कार्यक्रमात हजार पौंड बिदागी त्यांनी स्कॉटिश एक पौंडाच्या नोटांत घेतली, नोटांवर 'मुलांनो, आमचं तुमच्यावर प्रेम आहे' अशा अर्थाचं लिहिलं आणि त्या गर्दीवर उधळल्या. तमाशातल्या दौलतजादाची उलटी चाल.

१९९० च्या सुरुवातीला त्यांनी 'चिल आउट' काढला. त्यात ढोल जवळजवळ नाहीच. टेक्सासपासून लुइझियानापर्यंत समुद्रकाठानं रात्रीचा मोटारप्रवास चालला आहे अशी कल्पना, तीही त्या रस्त्यावर कधी न गेलेल्यांची. आगगाड्या, रेडिओवरचे प्रवचनकार, एल्विस, मेंढ्या, तुवातले कंठगायक असं एकातून एक उगवत जातं. पाऊण तासाचा हा अल्बम त्यांनी एका दमात ध्वनिमुद्रित केला. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या मते त्यांचं सर्वांत टिकाऊ काम हेच. मुखपृष्ठावर शांत बसलेल्या मेंढ्या आहेत.

मग मात्र त्यांनी स्वतःचं गाइड उघडलं. त्याच जुन्या, नाचघरातल्या रचना घेतल्या, त्यांना ध्रुवपद दिलं, रॅप दिला, आणि वर मैदानातल्या गर्दीचा गजर चिकटवला. 'लाइव्ह' म्हणून छापलं, प्रत्यक्षात सगळं स्टुडिओतलं. याला त्यांनी नावही दिलं, 'स्टेडियम हाउस'. 'व्हॉट टाइम इज लव्ह?' १९९० मध्ये पाचव्या नंबरवर, 'थ्री ए.एम. इटर्नल' १९९१ च्या सुरुवातीला पहिल्या, 'लास्ट ट्रेन टू ट्रान्ससेंट्रल' दुसऱ्या. अमेरिकेतही 'थ्री ए.एम.' पाचवं आलं. १९९१ साली जगात सर्वाधिक सिंगल्स खपणारा चमू म्हणून त्यांचं नाव घेतलं जाऊ लागलं. आणि हे सगळं स्वतःच्या कंपनीतून, मालकी स्वतःकडे ठेवून. ही बाब लक्षात ठेवावी, पुढे लागेल.

त्या वर्षीच्या २१ जूनला, उत्तरायणाच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी बातमीदारांना स्कॉटलंडच्या जुरा बेटावर नेलं. जॉर्ज ऑर्वेलनं '१९८४' लिहिली ते हेच बेट. सगळ्यांना पिवळे झगे घातले आणि साठ फुटी वेताचा पुरुष पेटवला. दुसरी होळी. छायाचित्रं सुंदर आली, अर्थ शोधण्याच्या भानगडीत पडू नये.

वर्षाच्या अखेरीस टॅमी वायनेट. १९६८ सालच्या 'स्टँड बाय युअर मॅन'साठी ओळखली जाणारी, अमेरिकी ग्रामीण संगीताची सम्राज्ञी, वय एकोणपन्नास. ड्रमंड नॅशव्हिलला गेला आणि मू मूच्या देशाचं, आइस्क्रीमच्या गाडीचं गाणं तिच्याकडून गाऊन घेतलं. ते अमेरिकेच्या मुख्य क्रमवारीत अकराव्या स्थानी गेलं. तिच्या कारकिर्दीत त्या यादीत एवढ्या वर ती कधीच पोहोचली नव्हती. हे थट्टा म्हणून केलेलं गाणं आहे का? मी ते असंख्य वेळा ऐकलं आहे. तिच्या आवाजात थट्टेचा लवलेश नाही. गाण्यात काय म्हटलंय हे कळत नसतानाही माणूस मनापासून गाऊ शकतो, आणि नाशिकच्या केबलवर ते कुणाला तरी भिडू शकतं, एवढं मी खात्रीनं सांगतो.

नाशिकला ते पोहोचलं तोवर केएलएफ संपले होते, हे आम्हाला कुठून कळणार? १२ फेब्रुवारी १९९२ ला ब्रिट पुरस्कारांच्या सोहळ्यात त्यांनी 'एक्स्ट्रीम नॉइज टेरर' या कर्कश चमूबरोबर 'थ्री ए.एम. इटर्नल' आरडाओरड्यात वाजवलं. कुबडी घेतलेल्या ड्रमंडनं मंचावरून प्रेक्षकांवर बंदूक रोखून खोटी काडतुसं झाडली, आणि निवेदनाचा आवाज आला की केएलएफनं संगीताचा धंदा सोडला आहे. नंतरच्या मेजवानीच्या दारात मेलेली मेंढी टाकलेली सापडली. त्याच रात्री त्यांना सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चमूचा पुरस्कार विभागून मिळाला होता. मेंढीचा प्रकार मला किळसवाणा वाटतो, आणि 'चिल आउट'चं मुखपृष्ठ आठवलं की जास्तच. पण मे महिन्यात त्यांनी त्याहून गंभीर गोष्ट केली. निवृत्तीची जाहिरात दिली आणि ब्रिटनमधला आपला सगळा जुना माल कायमचा विक्रीतून काढून घेतला. हे त्यांना जमलं कारण मालक तेच होते. बड्या कंपनीच्या कलाकाराला आपली गाणी विकण्याचा हक्क फारसा नसतोच, न विकण्याचा तर मुळीच नसतो.

मिळालेल्या पैशांतून 'के फाउंडेशन' निघालं. १९९३ मध्ये त्यांनी वर्षातल्या सर्वांत वाईट कलाकाराला चाळीस हजार पौंडांचा पुरस्कार लावला, म्हणजे प्रतिष्ठित टर्नर पुरस्काराच्या बरोबर दुप्पट. दोन्ही पुरस्कार एकाच रात्री शिल्पकार रेचल व्हाइटरीड हिला मिळाले. ती घेईना. पैसे जाळू म्हटल्यावर तिनं घेतले आणि वाटून टाकले. जाळण्याची धमकी पोकळ नव्हती हे वर्षभरात दिसलं.

२३ ऑगस्ट १९९४ च्या पहाटे, जुरा बेटावरच्या एका नौकाघरात, ड्रमंड आणि कॉटी यांनी पन्नास पौंडांच्या वीस हजार नोटा शेकोटीत टाकल्या. तेव्हाच्या दरानं पावणेपाच-पाच कोटी रुपये. तासाभराहून जास्त वेळ लागला, एका मित्रानं चित्रण केलं. वर्षानं ते चित्रण घेऊन ते गावोगाव हिंडले आणि लोकांनाच विचारत राहिले की हे आम्ही का केलं असेल. लोक चिडले, आणि चिडणं रास्तच होतं. एवढ्या पैशांत काय काय झालं असतं, ते कुणीही सांगू शकतं. ड्रमंडनं पुढे खंत वाटते असंही कबूल केलं. मी या होळीचं समर्थन करू शकत नाही. कलाकृती म्हणूनही ती मला तोकडी वाटते, कारण नोट ही प्रतच असते. वीस हजार प्रती जळल्यानं मूळ काहीच जळत नाही. गाणी विक्रीतून काढणं याहून कितीतरी महाग होतं, आणि त्यावर कुणी चिडलं नाही.

आता दुकानाचं सांगतो. आइस्क्रीमवालं गाणं भरून दिल्याच्या पुढच्या वर्षी एका कंपनीची माणसं पोलिसांना घेऊन आली. भरलेल्या कॅसेटींची पाच-सहा खोकी आणि दोन्ही डेक गेले. पंचनाम्यावर सही करताना मालकांनी विचारलं, "साहेब, मी गाणं चोरलं म्हणता, पण ज्याच्याकडे नव्हतं त्याच्याकडे पोहोचवलं, त्याचं काय?" साहेब सज्जन होते. म्हणाले, "ते कागदात बसत नाही." कायद्यानं कंपनी बरोबर होती, आणि गाणाऱ्यांच्या पोटावर पाय येतो हेही खरं. पण ड्रमंड-कॉटी अख्ख्या अल्बमची होळी करून पहिल्या नंबरवर पोहोचले आणि आमचे मालक झेरॉक्सच्या धंद्यात गेले. फरक प्रतिभेचा होता असं म्हणता येईल. माझ्या मते फरक हाही होता की त्यांच्याकडे बातमीदार बरोबर नेण्याची अक्कल होती.

नोटांच्या होळीला तेवीस वर्षं झाली. २३ ऑगस्ट २०१७ ला, मध्यरात्रीनंतर तेविसाव्या मिनिटाला, ते लिव्हरपूलमध्ये आइस्क्रीमच्या गाडीतून अवतरले. गाणं नव्हतंच. एक कादंबरी होती, आणि एक योजना: मृतांची तेवीस ग्रॅम राख घालून भाजलेल्या विटांचा पिरॅमिड. चौतीस हजारांहून जास्त विटा लागतील. काम चालू आहे, घाई कुणालाच नाही.

१ जानेवारी २०२१ ला मात्र, चौतीस वर्षांपूर्वीच्या त्या फोनच्या तारखेलाच, त्यांची गाणी अचानक अधिकृतपणे मोबाइलवर ऐकायला मिळू लागली. महिन्याभरानं 'चिल आउट'ही नव्या नावानं आला, परवानगी नसलेले काही तुकडे काढून. मी जुना आणि नवा असे दोन्ही एकापाठोपाठ ऐकले. तुकडे गेलेल्या जागा कळतात. या वेळी वेष्टनावर सूचना नाहीत, वेष्टनच नाही.

'जस्टिफाइड अँड एन्शन्ट' आता फोनवर स्वच्छ वाजतं. सुरुवातीला मी अजून थांबतो, निवेदकाचं ते अर्धं वाक्य येईल म्हणून. ज्या कॅसेटवर ते होतं ती त्या खोक्यांबरोबर गेली.